आयर्विनचा आकडा आणि माझी शुगर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे पावणेतीन वाजले होते, म्हणजे म्युनिकला सव्वाअकरा. "आई, शुगर 54 झालीये, ऊठ, साखर खा!" मी उठायच्या आत बाबा स्वयंपाकघरात. अंधारात त्यांनी मिठाचा डबा उघडला आणि ग्लासभर मिठाचं पाणी माझ्या तोंडाशी धरलं. ते थुंकून बोट टोचलं, तर 118.

झालं होतं एवढंच, की तुझ्या मोबाईलवर माझ्या शुगरचा आकडा पाठवणारा सेन्सर डाव्या दंडावर आणि मी झोपले होते डाव्या कुशीवर. दंड दबला की तिथल्या कातडीखाली साखर नीट पोचत नाही आणि सेन्सरला वाटतं, अंगातलीच संपली. कूस बदलल्यावर आकडा आपोआप वर आला, तो तूही पाहिलास. रेघ रात्री एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली, तर हेही एक कारण असतं. तरी फोन करच. फक्त "साखर खा" म्हणायच्या आधी "बोट टोच" म्हण. घाम फुटला, हात थरथरले, तर मी तुझ्या फोनचीही वाट बघणार नाही, साखर तोंडात टाकेन.

दुसरी गोष्ट जरा समजावून सांगायची आहे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, सवय जात नाही. ही दंडावरची टिकली रक्तातली साखर मोजतच नाही. तिची केसासारखी तार जेमतेम पाच मिलिमीटर आत असते, पेशींच्या मधल्या पाण्यात. साखर आधी रक्तात येते, मग झिरपत तिथे पोचते. त्यात पाच-दहा मिनिटं जातात. शिवाय आकडा उड्या मारू नये म्हणून यंत्र मागच्या रीडिंगशी जुळवून घेतं, त्यात आणखी काही मिनिटं.

तू सांगलीचा, तुला हे कळायला हवं. कोयनेतून पाणी सोडलं की आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी लगेच वाढते का? 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पण आपण आकडा बघतो तेव्हा ते पाणी कधीच धरणातून निघालेलं असतं. आणि वर पाऊस थांबला, विसर्ग कमी केला, तरी इथे पाणी चढतच राहतं. 2019 ला माळ्यावर बसून आपण तेच बघत होतो ना?

शुगर स्थिर असते तेव्हा या उशिराने काही बिघडत नाही. घोळ होतो ती भराभर पडताना नाहीतर चढताना. मागच्या महिन्यात इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला, तेव्हा सेन्सर 82 आणि खाली जाणारा बाण दाखवत होता. बोटावर 61. मी तीन चमचे साखर खाल्ली. पंधरा मिनिटांनी बोटावर 88 आली, पण तुझ्या मोबाईलवर मी अजून 60 च! तू ओरडतोस म्हणून वर दोन पेढे खाल्ले, त्यावर बाबांनी केळं दिलं. दोन तासांनी 246. मग तूच विचारलंस, "आई, काय खाल्लंस?"

बोट टोचून मोजायचा ग्लुकोमीटर तरी देवाचा शब्द नाही. त्याच्या प्रमाणकातच मुभा आहे: 100 च्या खाली पंधरा अंक इकडेतिकडे, वर पंधरा टक्के, आणि तेही शंभरातल्या 95 वेळा. चांगल्या सेन्सरची चूक आता सरासरी आठ-दहा टक्क्यांवर आलीय. पण ती सरासरी. एखादा आकडा वीस टक्क्यांनीही चुकतो. म्हणून 132 चे 141 झाले की "वाढली" म्हणून मेसेज टाकत जाऊ नकोस.

माझे वडील बेनेडिक्टवर जगले. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब, परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आई करवादतेय. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं की नाना गपचूप भात बाजूला सारायचे. रक्तात साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि उतरली तरी ती काही तासांपूर्वीची. कमी झालेली तर कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापुढे मी दहा मिनिटांच्या उशिराची तक्रार कशी करू?

मी मात्र हल्ली आकड्यापेक्षा बाण आधी बघते. 90 आणि आडवा बाण असेल तर मी निवांत. 110 आणि सरळ खाली बाण असेल तर बिस्किटाचा पुडा जवळ घेते.

रविवारी नवा सेन्सर लावायचा आहे. पहिला तास तो काहीच दाखवणार नाही, आणि पहिला दिवस जरा वेड्यासारखाच वागेल. त्या दिवशी मी बोट टोचून तुला कळवत राहीन. यावेळी उजव्या दंडावर लावते.

बाबांनी साखरेच्या डब्याला लाल रबर बांधलंय. अंधारात रंग कसा दिसणार, हे मी विचारलं नाही.

तुझी,
आई