नाना, हाउसिंगच्या ऑईलबद्दल आभार

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चार लोकांच्या देखत लिहितेय.

आंबा घाट उतरताना आमच्या बोलेरोचा मागून येणारा घूंऽऽ आवाज इतका वाढायचा की सासूबाई रामरक्षा सुरू करायच्या. 'क्राऊन-पिनियन गेलंय, हाउसिंग खोलावं लागेल,' (म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रं, आणि ती ज्यात असतात तो लोखंडी गोळा) असं एका गॅरेजवाल्याने सांगितल्यावर आम्ही पैशांची जुळवाजुळव करत होतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या तुम्ही एकच विचारलंत, "मागचं ऑईल कधी बदललं होतं?" घरात कुणालाच सांगता येईना. इंजिन ऑईलची तारीख सगळ्यांना पाठ, पण मागच्या चाकांमधल्या त्या गोळ्यातही ऑईल असतं हे कुणाच्या गावी नव्हतं.

गाडी थोडी फिरवून आणायला लावलीत, म्हणजे ऑईल गरम होऊन पातळ होतं. मग सपाट जागा, चाकांना दगड. पाना माझ्या हातात दिलात (ह्यांच्या नाही, हे विशेष!) आणि म्हणालात, "आधी भरायचा नट. तो सुटला तरच खालच्याला हात लाव." खालून सगळं सांडल्यावर वरचा गंजलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

निघालं ते दुधाच्या चहासारखं. पाणी! हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, चिखलाने बुजला होता. तापलेलं हाउसिंग पावसाळ्यात पाण्यात शिरलं की गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असला तर ऑईल अडवणाऱ्या सीलमधून पाणी ओढलं जातं. हे तुम्ही इतकं निवांत सांगितलंत की गाडीखाली पडून आहोत याचाही विसर पडला. नटच्या चुंबकाला लागलेला राखाडी लगदा बोटांत चोळून बघितलात. "ही रोजची झीज. दाताचा तुकडा असता तर काळजी."

दुकानदार जीएल-४ दर्जाचं गिअर ऑईल देत होता. क्राऊन-पिनियनचे तिरके, हायपॉइड दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जीएल-५ च हवं, म्हणून गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ८०डब्ल्यू-९० जाडीचं आणवलंत. त्याचा तो गंधकाचा वास दोन आंघोळींनीही गेला नाही. भोकातून परत ओघळेपर्यंत भरलं, नट आवळला. पाण्याचा अंश राहिला असेल म्हणून थोडं चालवून तेही काढायला लावलंत. तेव्हा मी कुरकुरले होते. पण तेही जरा गढूळच निघालं.

आवाज बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. झिजलेले दात ऑईलने भरून येत नाहीत, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. हाउसिंग मात्र खोलावं लागलेलं नाही.

जुनं ऑईल कॅनमध्ये बंद करून ठेवलंय, गटारात ओतलेलं नाही. मजुरी तुम्ही घेतली नाहीत, तेव्हा रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. श्रावण आहे, मासे मिळणार नाहीत.

आपली,
शेजारची सूनबाई