डॉक्सी द्या, पण ती कशी घ्यायची तेही छापून द्या

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला एक फार्मासिस्ट. मृग लागला की आमच्या काउंटरवर एका औषधाची मागणी वाढते: डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. शेतात आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) राबणाऱ्यांना लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, धास्ती असते, आणि ती खरी आहे. उंदरांच्या, गुराढोरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. उपचाराला उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात. लेप्टोवर आणि स्क्रब टायफसवर (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर) डॉक्सी गुणकारी आहे, स्वस्त आहे. ती लोकांपर्यंत पोचलीच पाहिजे.

पण ती पोचते कशी, ते पाहा. लावणीला जाणारी एक बाई दुकानात आली. छातीत आग होत होती, आवंढा गिळतानाही चेहरा पिळवटत होता. दिवसभर चिखलात वाकून दमलेली, रात्री आडवी होता होता घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल घेऊन झोपली होती. अशी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि भाजल्यासारखी जखम करते. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, एवढे कुणी सांगितले असते तर हे टळले असते. तिच्या हातात कागदाची पांढरी पुडी होती. पुडीवर पेनाने ओढलेल्या दोन रेघा. औषधाचे नाव नाही, एक्सपायरी नाही. ॲसिडिटी समजून ती अँटासिड मागत होती. मी तिला डॉक्टरांकडे पाठवले, कारण अँटासिड डॉक्सीसोबत घेतला तर डॉक्सी अंगाला लागत नाही.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही तेच. रक्त कमी म्हणून आपल्याच आरोग्य केंद्रांतून बायकांना लोहाच्या गोळ्या मिळतात. दोन्ही औषधे इमानाने एकदम घेणाऱ्या बाईला डॉक्सीचा पुरता गुण येत नाही. मध्ये दोन-तीन तासांचे अंतर हवे. एकच खाते दोन्ही गोळ्या देते, तर हे सांगणेही त्याच खात्याचे काम आहे.

आणखी मोठा घोळ मात्रेचा. लागण होऊ नये म्हणून जोखमीच्या कामातल्या प्रौढांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात, तीही ६ आठवड्यांच्या वर नाही. लेप्टो झालाच, तर सौम्य आजारात साधारणपणे १०० मिलिग्रॅम रोज दोनदा, ७ दिवस. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तरी आठवड्याची गोळी घेतली आहे या भरवशावर पुन्हा चिखलात उतरतात. मला सर्वांत जास्त भीती याची वाटते.

गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी डॉक्सी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नये. काहींची कातडी उन्हात भाजते, म्हणून अंग झाकावे. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी.

माझी मागणी छोटी आहे. पावसाळ्यात आरोग्य केंद्रांतून दिली जाणारी डॉक्सी छापील पाकिटातून द्या. वरच्या सूचना त्यावर मराठीत आणि कोंकणीत, ठळक अक्षरांत असाव्यात. वाचता न येणाऱ्यांसाठी पाण्याचा पेला आणि बसलेला माणूस यांची चित्रे असावीत. पट्टी कापली तरी नाव आणि एक्सपायरी पाकिटावर लिहावी. केरळने अँटिबायोटिकसाठी निळी पाकिटे वापरायला घेतली आहेत. आपले राज्य तर किती लहान! दुसरे म्हणजे, डॉक्सी हे शेड्यूल एचमधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे, तरी चिठ्ठीशिवाय सर्रास मिळते. एका दुकानाने नाही म्हटले की माणूस पुढच्या दुकानात जातो. म्हणून अन्न व औषध प्रशासनाची तपासणी जून ते सप्टेंबर या काळात सगळीकडे सारखी व्हावी.

पाकिटे मृगाआधी केंद्रांत पोचली तरच लावणीला उपयोगी पडतील. मजकुराचा मसुदा मी विनामूल्य लिहून देईन. तो गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

आपला नम्र,
सत्तरीतला एक फार्मासिस्ट