फॉर्मवर सही माझी

आई, बाबा,

फोन केला की बाबा स्पीकर लावतात आणि आई गप्प बसते, म्हणून लिहितेय. कोल्हापूर महापालिकेच्या निवडणुकीची आरक्षण सोडत निघाली. प्रभागातल्या चार जागांपैकी ह्यांना जी पाहिजे होती नेमकी तीच महिला राखीव झाली, त्याच रात्री तालमीतली दहा-बारा पोरं घरी, आणि चहा उकळेपर्यंत माझं नाव फायनल पण झालं, मला कोणी विचारलं नाही हां. "वहिनी, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो." दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लेक्सचं डिझाईन. वर 'ताराराणीची लेक', खाली माझा पासपोर्टएवढा फोटो, ताईच्या लग्नातला, आणि मागं हे हात जोडून केवढे!

बाबा, रागावू नका, पण मला तुमचीच आठवण झाली. १९९७ ला आई ग्रामपंचायतीत निवडून आली, आणि पाच वर्षं मीटिंगला गाडीवरनं कोण जायचं? शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, आई पिठाचा हात पदराला पुसून सही करायची. वर काय लिहिलंय ते तिनं वाचलेलं मी एकदाही बघितलं नाही. तेव्हा एक तृतीयांश आरक्षण होतं, २०११ ला निम्मं झालं, आता महापालिकेत ८१ जागा म्हणजे चाळीसच्या आसपास बायका बसणार, पण खुर्चीत बाई आणि फोन नवऱ्याच्या खिशात असला तर काय उपयोग?

तरी मी उभी राहणारे. २०२० नंतर पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा प्रशासकाचा कारभार. पाणी किती वाजता येतं, कुणाच्या घरात चढत नाही मला तोंडपाठ आहे, ह्यांना व्हॉल्व्ह कुठंय ते पण माहीत नाही. ह्यांना सांगितलंय, फोन माझ्याकडं राहणार आणि सभेला मी एकटी जाणार. चेहरा पडलाय, पण हो म्हणालेत. बघू. खर्चाचा हिशोब मात्र त्यांनीच ठेवायचा, त्यात ते पक्के आहेत.

आई, त्या पाच वर्षांत तुला मीटिंगमध्ये काय बोलायचं होतं गं? स्पीकर बंद करून सांग.

आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला कपाटात पिवळ्या पिशवीत आहे, नावाचा घोळ नको म्हणून वकिलांनी मागितलाय. बाबा, सोमवारच्या आत कुणाबरोबर तरी पाठवा.

तुमची,
सुमी