पुराची मदत पाठवायच्या आधी हिशोब मांडा

संपादक महोदय,

२३ जुलै २०२१ ला म्हादई नदीचं पाणी सत्तरी तालुक्यातल्या गावांत घुसलं, मातीची घरं कोसळली, तेव्हा अख्ख्या गोव्यातून लोक मदतीला धावले. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण रस्त्याला लागून असलेल्या वाड्यावर एकामागून एक गाड्या थांबायच्या आणि आतल्या वाड्यावर संध्याकाळपर्यंत कोणीच नाही, हे अजून सलतं. बिस्किटं आणि जुने कपडे ढिगाने आले, पण लागत होती ताडपत्री, नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, पेज शिजवायला टोप आणि विहिरीचं पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्यावर पडले होते, म्हणजे हे काही आपल्याकडचंच नाही.

पाण्याचंच घ्या. जगभर मदतकार्यात माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी धरतात, पिणं, रांधणं, आंघोळ सगळं मिळून. २०० माणसं असली तर ३,००० लिटर झाले, ते बाटल्यांनी भागवायचं तर एक लिटरच्या बारा बाटल्यांचे २५० बॉक्स रोज लागतील, त्यापेक्षा एक टँकर आणि घरटी दोन झाकणाचे कॅन दिले की काम होतं. हा हिशोब पुराच्या दिवशी चिखलात उभं राहून कोण करणार, तो मे महिन्यातच करून ठेवायला हवा.

आणि सामानही गोव्यातच हवं. त्याच २३ जुलैला दूधसागर ते सोनावळी पट्ट्यात दरड कोसळून रेल्वेचे डबे घसरले, बेळगावच्या रस्त्यावरचा चोर्ला घाटही पावसात कधी बंद पडेल सांगता येत नाही, मग बेळगावहून मागवू म्हणून बसून कसं चालेल?

देवळात महाप्रसादाला हजार पानं उठतात तरी गोंधळ होत नाही, कारण कोठीची चावी एकाकडे असते आणि काय आलं काय गेलं ते तो लिहून ठेवतो. तसाच प्रत्येक तालुक्याला पुराच्या सामानाचा एकच जबाबदार माणूस आणि एकच गोदाम हवं. येणारी प्रत्येक गाडी आधी तिथे यावी, नोंद व्हावी, एक्स्पायरी बघून माल वेगळा व्हावा आणि शेवटच्या वाड्याचं सामान गाडीत सगळ्यात आधी चढावं म्हणजे वाटेत उपसाउपशी नको. पंचायतीनेही वाडावार यादी करावी, कुठे म्हातारी माणसं, कुठे डायलिसिसचे पेशंट, कोणाकडे पिकअप, कोणाकडे होडी. ग्रामसभेत एका रविवारी होण्यासारखं काम आहे हे.

तुम्हालाही एक विनंती. पूर आला की पहिल्या पानावर फोटो येतात, त्यांच्याच खाली रोज एक चौकट द्या: कुठल्या गावाला आज काय हवं, काय पुरे झालं आणि सामान कुठल्या गोदामात पोचवायचं.

आपला,
एक वाचक, वाळपई