मोटेलात सगळेच प्रवासी नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या महामार्गांवरील मोटेलांविषयी रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. १९२५ साली कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो इथे 'मोटर' आणि 'हॉटेल' यांच्या जोडातून निघालेल्या या शब्दाची हकिगत झकास उतरली आहे. पण लेखातला प्रत्येक माणूस सकाळी चावी परत करून पुढच्या गावाला लागतो. मुक्काम न हलवणारे त्यात कुठेच भेटले नाहीत.

कामानिमित्त मी तिकडे एका मोटेलात तीन आठवडे काढले. पहिल्याच सोमवारी सकाळी पिवळी स्कूलबस आवारात येऊन थांबली आणि माझ्या रांगेतल्या दोन खोल्यांतून पोरं दप्तरं पाठीला मारून धावत सुटली. एकीचं दार उघडंच राहिलं होतं. आत मायक्रोवेव्हवर वह्यांची चळत, पलंगाच्या कडेवर वाळत घातलेले मोजे. सहलीला आलेलं कुटुंब वह्या कशाला आणेल?

भाड्याच्या घरासाठी अनामत लागते, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ लागतं, शिवाय क्रेडिटचा इतिहास तपासतात. मोटेलवाला फक्त आठवड्याचे पैसे मागतो. महिन्याची बेरीज केली तर हे कित्येकदा घरभाड्यापेक्षा महाग पडतं, पण एकरकमी पैसे जमणार कधी? त्यात कॅलिफोर्नियात ३० दिवसांहून जास्त राहिलं की पाहुण्याला भाडेकरूचे हक्क मिळतात. म्हणून काही मालक २८व्या दिवशी माणसाला सामानासकट बाहेर काढतात आणि नंतर पुन्हा आत घेतात. हे बेकायदा आहे, पण रस्त्यावर यायची भीती असलेला माणूस तक्रार करायला जाईलच असं नाही.

मेम्फिसच्या लोरेन मोटेलवर लेखात एकच ओळ आहे. ४ एप्रिल १९६८ रोजी ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, एवढीच. त्यानंतरही तिथे गरीब लोक भाड्याने राहत होते. तिथे नागरी हक्क चळवळीचं संग्रहालय करण्यासाठी १९८८मध्ये मोटेल रिकामं केलं, तेव्हा शेवटची भाडेकरू बाई खोली सोडेना. तिला पोलिसांकरवी बाहेर काढावं लागलं. तिने समोरच्याच फुटपाथवर ठाण मांडलं. संग्रहालयाचा पैसा गरिबांच्या घरांवर खर्च करा, असं तिचं म्हणणं होतं. १९९१मध्ये संग्रहालय उघडलं, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं ती तिथेच बसून होती.

आपला,
एक नियमित वाचक