सर, त्या दिवशी तुम्ही वही उघडलीत त्याबद्दल

सर,

नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "असू दे हो, जेवलात का" करून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. नाव मुद्दाम घातलेलं नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी मुंबईतल्या एका कॉलेजात सीएचबीवर भूगोल शिकवते. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, आणि तेही येतील तेव्हा. मे महिन्यात आम्ही हवा खाऊन जगतो असा काहीतरी समज असावा वरती. तर गेल्या वर्षी कॉलेज सुरू व्हायच्या अगदी तोंडावर एफवायचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा, जगाचा प्रादेशिक भूगोल माझ्या गळ्यात पडला. माझा एमएचा विषय भूरूपशास्त्र, नद्या, गाळ, घाटमाथे, त्यातलं मला रात्री झोपेतून उठवून विचारा. पण इथे अख्खं जग, सगळे खंड, हवामान, शेती, लोक, शहरं, भांडणं, आणि हे सगळं एका सेमिस्टरमध्ये, आणि समोर भरलेला वर्ग ज्यातल्या निम्म्या पोरांनी दुसरं काही मिळालं नाही म्हणून भूगोल घेतलाय.

मदत मागितली नाही असं नाही. डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांना विचारून झालं. कुणी ताकाला तूर लागू देईल तर शपथ. एकांनी सांगितलं, "फर्स्ट इयरला काय एवढं, नोट्स डिक्टेट करायच्या, पोरं लिहून घेतात." दुसऱ्यांनी खरंच एक पीडीएफ पाठवली, झेरॉक्सची झेरॉक्स काढून स्कॅन केलेली, त्यात झैर नावाचा देश अजून ठणठणीत होता (१९९७ साली त्याचं परत काँगो झालं) आणि चेकोस्लोव्हाकिया पण एकत्र नांदत होता, १९९३ पासून वेगळे राहतात ते बिचारे. भिंतीवर लावायचा नकाशा मागितला तर कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर, ते आले तर म्हणे चावी दुसऱ्यांकडे. शेवटी मी चावीचा नाद सोडला. स्टाफरूममध्ये आम्हाला खुर्ची कुणी उठलं तरच मिळते, तिथे चावी कोण देणार.

मग तुम्ही. तुमचा नंबर कुणी दिला, कसा दिला ते लांबण लावत नाही. पण पहिल्याच फोनवर मी सिलॅबस वाचून दाखवायला घेतला आणि तुम्ही थांबवून विचारलंत, "मुलं कुठून येतात तुमच्याकडे?" मला वाटलं घरची परिस्थिती वगैरे विचारताय, मी ते सांगायला लागले. तर म्हणालात, "तसं नाही हो, कुठल्या लाइनने येतात?" म्हटलं बरीचशी हार्बर लोकलने. "मग रोज कॉटन ग्रीन बघतात ना. तिथून सुरू करा."

सर, मी पण कित्येक वर्षं हार्बरने फिरतेय आणि कॉटन ग्रीन हे माझ्यासाठी शिवडी आणि रे रोडच्या मधलं एक स्टेशन होतं, बस. तिथे कापसाचा बाजार होता, ती कॉटन एक्स्चेंजची बिल्डिंग अजून उभी आहे, हे बघून त्याच्यापुढे कधी गेलेच नाही. तुम्ही गेलात. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मग सगळे धावले मुंबईकडे, इथे भाव असे कडाडले की शेअरचा सट्टा, बँका, समुद्रात भराव टाकायच्या कंपन्या, नुसता पैशांचा पूर, आणि १८६५ ला युद्ध संपल्या संपल्या सगळं धाडकन खाली. तोच कापूस इजिप्तने नाईलच्या काठी वाढवला आणि पुढे कर्जात बुडाला. त्याच कापसासाठी पुढच्या शतकात सोव्हिएत सरकारने अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी शेतांकडे वळवलं आणि १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. उझबेकिस्तानात मुयनाक म्हणून गाव आहे, एकेकाळचं मच्छीमारीचं बंदर, आज तिथे गंजलेल्या बोटी वाळूत पडल्यात आणि पाणी कुठल्या कुठे गेलंय.

अमेरिकेचा दक्षिण भाग, इंग्लंड, इजिप्त, मध्य आशिया आणि लालबाग-परळ, एकाच धाग्यात. खंड म्हणजे गाडीचे डबे नाहीत, युरोप उतरला की आशियात चढायचं असं शिकवू नका, हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्या तासानंतर एक मुलगी येऊन म्हणाली, माझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यांना विचारते अमेरिकेचं माहिती होतं का. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली, आजोबा म्हणे आम्हाला फक्त मुकादम माहिती होता.

पुढे दर आठवड्याला फोन, नकाशा पण तुम्हीच दिलात, डोंबिवलीहून भर पावसात प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आलात, तेही लगेज डब्यातून उभ्याने. या सगळ्याचे उपकार आहेतच. पण मला जे लिहायचंय ते वेगळंच आहे आणि तुम्हाला ते आठवत पण नसेल.

त्या नकाशाच्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "मी मागे बसलो तर चालेल का मॅडम?" मला आधी कळेचना की कुणाला विचारताय. माझ्या डिपार्टमेंटमध्ये कुणी माझ्या वर्गात येताना दार वाजवत नाही, सरळ आत येऊन नोटीस वाचून जातात, माझं वाक्य अर्धं तोंडात. आणि तुम्ही, ज्यांच्या हाताखाली दोन पिढ्या शिकल्या, मला विचारताय चालेल का.

युरोप चालू होता. मधल्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला. "मॅम, रशियाचा तीन चतुर्थांश भाग आशियात आहे ना, मग आपण त्याला युरोपात का शिकतोय?" प्रश्न एक नंबर होता. आणि सगळ्या वर्गाने काय केलं, तर माना मागे वळवल्या. तुमच्याकडे. पांढरे केस, चष्मा, खऱ्या सरांसारखे दिसणारे तुम्ही, मग उत्तर तुमच्याकडेच असणार ना. मी पण बघितलं असेल बहुतेक, खोटं कशाला बोलू.

आणि तुम्ही मान खाली घातलीत. पिशवीतून ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली लाँगबुक काढलीत, पेनाचं टोपण काढून दातात धरलंत, पानाच्या वर कोपऱ्यात तारीख घातलीत आणि वर न बघता म्हणालात, "मॅडम, जरा सावकाश सांगा हं, मी लिहून घेतोय."

बस एवढंच. शंभर माना परत फळ्याकडे.

आणि मग मला बोलता आलं. म्हटलं ही रेघ देवाने मारलेली नाही. जुने ग्रीक लोक डॉन नदीला सीमा मानायचे. १८ व्या शतकात रशियाला आपण युरोपातले म्हणवून घ्यायचं होतं, तेव्हा तातिश्चेव्ह नावाच्या रशियन अभ्यासकाने आणि त्याच्याच काळातल्या एका स्वीडिश माणसाने ती रेघ उचलून उरल पर्वतावर नेली, आणि ती तिथेच बसली. जमीन आशियात जास्त पण माणसं युरोपात जास्त, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग सगळं पश्चिमेला. बरं उरल तरी केवढा, त्याचं सगळ्यात उंच शिखर नरोदनाया १८९५ मीटर, आपली कळसूबाई १६४६. एवढ्याशा उंचीवर दोन खंड वेगळे केलेत म्हटल्यावर वर्ग हसला. मग मी विचारलं, आता सांगा, मुंबई कोकणात येते का?

अरे देवा. पुढचा सगळा तास त्यात गेला. एक जण सरकारी कोकण विभागात मुंबईचे दोन्ही जिल्हे येतात म्हणून अडून बसला, सावंतवाडीकडची दोघं "काय बोलतोस, मुंबई कधी कोकण झाली" म्हणून अंगावर धावून गेली, कोळीवाड्यातली एक पोरगी म्हणाली आम्ही तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून आहोत, आम्हाला कुणी विचारलं का. माती बघायची, पाऊस बघायचा, भाषा बघायची, जेवण बघायचं की कलेक्टरची हद्द बघायची, जसं ठरवाल तशी रेघ सरकते. प्रदेश म्हणजे काय हा पहिलाच टॉपिक आहे सिलॅबसचा, त्या पीडीएफमध्ये त्याच्या व्याख्या ओळीने दिल्यात, आणि पोरांनी त्या भांडता भांडता स्वतःच काढल्या.

मला वाटलं होतं वहीचं तुम्ही नाटक केलंत, माझी लाज राखायला. पण नंतर गेटबाहेर टपरीवर चहा घेताना वही उघडीच होती आणि त्यात खरंच सगळं लिहिलं होतं, डॉन, उरल, आणि कळसूबाईच्या आकड्याखाली रेघ. लेक्चर कसं झालं याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. म्हणालात, "त्या मुलाला पुढे बसवा," आणि माझ्या आधी पैसे देऊन मोकळे.

सर, मला मदत करणारे अजून आहेत, तेही लिहायला पाहिजे. लायब्ररीतले काका रेफरन्सचा अ‍ॅटलास शनिवारी गुपचूप घरी नेऊ देतात, सोमवारी आणायच्या बोलीवर. शिपाईमामा माझा तास असला की प्रोजेक्टरची वायर आधीच शोधून ठेवतात कारण त्यांना माहितीये मागायला गेले तर मला फिरवतील. यातल्या कुणालाही यासाठी पगार नाही आणि कुणाचं प्रमोशन होणार नाही. आणि ज्यांच्या पगारात हे सगळं बसतं त्यांना चावी सापडत नाही. चांगली माणसं बहुतेक वेळा अशी खुर्चीच्या खालच्या अंगालाच का भेटतात देव जाणे. तुम्ही रिटायर झालात म्हणून असे आहात असं एक जण म्हणाले, मी नाही मानत, तुमचे जुने विद्यार्थी भेटतात मला, ते वेगळंच सांगतात.

यंदा तोच पेपर परत माझ्याकडे आहे आणि यंदा मी मागून घेतलाय. आफ्रिका तूरडाळीपासून सुरू केली, मोझांबिक, मलावी, टांझानिया, एका पोराच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, त्याने गोणीवरच्या शिक्क्याचा फोटो आणला. आखाती देशांना तर प्रस्तावनाच लागली नाही, कुणाचा बाप तिकडे, कुणाचा मामा, मस्कत इथून कोलकात्यापेक्षा थोडं जवळच पडतं म्हटल्यावर एक जण म्हणाला पण विमानाचं भाडं बघा ना मॅम. आणि पहिल्यांदाच पॅसिफिकपर्यंत पोचलोय, दर वर्षी तो भाग "तुमचं तुम्ही वाचा" मध्ये जातो.

परवा सामोआ घेतला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी धंदा सोपा जावा म्हणून त्यांनी आंतरराष्ट्रीय वार रेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबर २०११ हा दिवस कॅलेंडरमधून गायबच केला, गुरुवारी झोपले ते शनिवारी उठले. पोरांना वाढदिवसांची काळजी पडली. मी मात्र सांगितलं की त्या न उगवलेल्या शुक्रवारचा पगार मालकांनी कामगारांना द्यायचा असं तिथल्या सरकारने ठरवलं होतं. तुमचा तो रशियावाला, आता एसवायला, दुसऱ्या वर्षाला आहे पण अजून माझ्या तासाला येऊन बसतो, मागून ओरडला, "मॅम, तुम्ही तिकडेच अप्लाय करा." वर्गात माझा पगार कसा होतो हे सगळ्यांना माहितीये वाटतं. गुरुवारी मोकळे असाल तर या सर, न्यूझीलंड आहे, वही आणा.