लाल शाईवाल्या सुभेदार साहेबांना

आदरणीय सुभेदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

या पत्राला जावक क्रमांक नाही, एवढं चालवून घ्या.

१९९७ साली मी कुलाब्याच्या आपल्या लष्करी ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क म्हणून लागलो. डोंबिवलीहून लोकल, व्हीटीहून बस. पीई म्हणजे शांततेच्या काळातली मंजूर आस्थापना, किती माणसं नि किती सामान ठेवायचं त्याचे तक्ते, आणि डब्ल्यूई म्हणजे युद्धकाळातली, एवढंही मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात या तक्त्यांत दुरुस्ती आली, एक गाडी वाढली. मी हौसेनं मागणीपत्र टाइप करून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "ड्रायव्हर कुठाय?"

सामानाच्या तक्त्यात गाडी वाढली होती. माणसांच्या आस्थापनेत ड्रायव्हर होते तेवढेच. "पंगतीत पानं वाढवलीस, वाढपी कोण आणणार, तुझा काका?" अस्सल सातारी बोलणं! तेव्हापासून दोन्ही तक्ते शेजारी उघडल्याशिवाय मी एकही दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली नाही.

खरी शाळा झाली ती रायफली बदलल्या तेव्हा. ७.६२ मिमीची जुनी एसएलआर रायफल जाऊन ५.५६ मिमीची इन्सास आली. मला वाटलं, एक ओळ खोडायची, एक लिहायची. तुम्ही पानभर यादी करून घेतलीत: मॅगझिन वेगळं, काडतूस वेगळं, सफाईचं सामान, सुटे भाग, शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मररची अवजारं, कोतमधले म्हणजे शस्त्रांच्या खोलीतले रॅकसुद्धा मोजायला पाठवलंत. जुन्या रायफली डेपोत जमा होऊन सहीचं व्हाउचर परत येईपर्यंत लेजरमधून उतरवू दिल्या नाहीत. मंजुरीपेक्षा जास्त शिल्लक बघून मला घाम फुटायचा. तुम्ही म्हणायचात, "दिसू दे. मंजूर किती हा एक रकाना, हातात किती हा दुसरा. एकासाठी दुसरा रंगवायचा नाही."

आता जे सांगतोय ते घरीही सांगितलेलं नाही. अंमलाची तारीख न बघता मी स्वयंपाक्याची एक जागा तीन महिने आधीच कमी करून टाकली होती. कर्नल साहेबांपुढे तुम्ही म्हणालात, "माझ्या नजरेतून सुटलं, सर." सुटलं कसलं! तुम्ही तेव्हा रजेवर गावी होतात. परत आल्यावर मला अवाक्षर बोलला नाहीत, फक्त लाल पेन पुढे केलंत.

तेव्हा आभार मानायची हिंमत झाली नाही. आज मानतो. अंमल त्या दिवसापासून धरावा.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा क्लार्क